छतावरील सौरऊर्जा आणि वीजबिलाचा हिशेब

महोदय,

पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या घरगुती संचाला 78 हजार रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळत असल्याने कोल्हापुरातही छतांवर सौर पॅनेल दिसू लागले आहेत. मात्र नेट मीटरिंगचा हिशेब ग्राहकाला आधी समजावून सांगितला जात नाही. महिन्यात ग्रिडला (वीज कंपनीच्या वीजजाळ्याला) दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते आणि शिल्लक युनिट पुढील महिन्यात जातात. ही वजावट आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंतच चालते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमलेले युनिट आपल्याकडील जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत उपयोगी पडतात, हा कोल्हापूरकरांचा फायदाच आहे. पण मार्चअखेर उरलेल्या युनिटना मिळणारा दर घरगुती दरापेक्षा बराच कमी असल्याने, वर्षभराची बिले न पाहता विक्रेत्याच्या आग्रहाने मोठा संच घेणे तोट्याचे ठरते. बिलात दरमहा लागणारा स्थिर आकारही सुटत नाही.

पेठांमधील जुन्या घरांत वीजजोडणी अनेकदा आजोबांच्याच नावावर असते (वारसांना ते अर्ज करताना आठवते!), त्यामुळे नावबदल आधी करून घ्यावा. शिवाय बॅटरी नसलेला संच वीज गेल्यावर, तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी, आपोआप बंद होतो. ही बाब विक्रेत्यांनी लेखी सांगणे सक्तीचे करावे आणि शिल्लक युनिटचा तपशील बिलावर सोप्या मराठीत छापावा.

– एक वीजग्राहक, राजारामपुरी, कोल्हापूर