माप घेणाऱ्या ताईंना पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ‘माझं नाव कशाला, मी माझं काम केलं,’ असं तुम्ही म्हणालात, आणि तुमचा शब्द मोडायचा नाही. पण तुम्ही केलंत ते नुसतं काम होतं, हे मात्र मी मान्य करणार नाही. एक नीट बसणारी, अंगाला शोभणारी ब्रा मिळाली म्हणून कोणी जाहीर पत्र लिहितं का, असं एखाद्याला वाटेल. जिच्या खांद्यांवर पट्ट्यांच्या कायमच्या खाचा पडल्यात, त्या बाईला तसं वाटणार नाही.

आधी राग सांगून टाकते, म्हणजे आभार मोकळ्या मनाने मानता येतील.

तुमच्याकडे येण्याआधी मी जिथे जिथे गेले, तिथे टेप कोणी काढलीच नाही. काउंटरपलीकडून एक नजर टाकायची आणि खोका पुढे सरकवायचा. ‘घट्ट होते हो,’ म्हटलं की त्याहून मोठा नंबर. नेमकं कुठे घट्ट होतंय, हा प्रश्न कुणाच्या तोंडून आला नाही. कप अपुरा पडत होता आणि मला दर वेळी मिळत होता तो मोठा घेर. एका ठिकाणी तर विक्रेतीने मागच्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, ‘अगं, अडतीस काढ, ते जाड बायकांचं!’ दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. मी काही न घेता बाहेर पडले. ते वाक्य मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे. जरा नाजूक लेसचं काही दाखवा म्हटलं, तर ‘तुमच्या मापात तसलं येत नाही’ हे उत्तर इतक्या सहज यायचं की जणू लेस आवडण्याचा हक्कही मापावर ठरतो. आणि ट्रायल रूमचे ते पडदे! एक बाजू ओढली की दुसरी उघडी पडणार. ज्या धंद्यात बाईला अंगावरचे कपडे उतरवायला सांगायचे, त्या धंद्यात पडदा पुरेसा रुंद असावा, एवढी साधी गोष्ट कुणाला का सुचू नये?

तुम्ही आत आल्यावर पहिल्यांदा पडदाच पाहिलात. दोन्ही कडा भिंतीला टेकल्याची खात्री केलीत. मग टेप काढून थोडा वेळ मुठीत धरलीत. मी का म्हणून विचारलं, तर म्हणालात, ‘गार लागते अंगाला.’ नंतर विचारलंत, ‘हात लावू ना?’ आणि मी मान हलवेपर्यंत थांबलात.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते पुढचं. माप घेताना तुम्ही आकडा तोंडाने उच्चारला नाहीत. खिशातून छोटी वही काढलीत, आकडे लिहिलेत, पान आधी मला दाखवलंत, मग फाडून, दुमडून पडद्याच्या फटीतून बाहेरच्या मुलीच्या हातात दिलंत. ती मुलगीही एक शब्द न बोलता आत गेली आणि खोके घेऊन आली. बाहेर बरीच गर्दी होती. त्यातल्या कुणालाही माझं माप कळलं नाही. मी तुमच्याकडे बघतच राहिले, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘बँकेत कुणाची शिल्लक मोठ्याने वाचून दाखवतात का? मग हे तरी कशाला?’

ताई, हे पत्र त्या दुमडलेल्या कागदासाठी आहे. त्याला ना पैसे लागले, ना वेगळा वेळ. कुणी तुम्हाला तसं करायला सांगितलेलं नव्हतं, हेही मी विचारून घेतलं. आपल्यासमोर उभ्या असलेल्या बाईला काय लागेल आणि काय बोचेल, याचा विचार तुम्ही ती आत येण्याआधीच करून ठेवला होता. इतकी वर्षं ज्या भीतीने मी या खरेदीला पाठ दाखवत आले, ती भीती त्या कागदाच्या घडीबरोबर संपली.

कागदावर 34 डीडी लिहिलेलं पाहून मी दचकले होते. मी आयुष्यभर 38 बी घालत आलेली बाई. डीडी म्हणजे काहीतरी अवाढव्य, हेच कानावर पडलेलं. तुम्ही न हसता सगळं उलगडून सांगितलंत. छातीच्या खालचा घेर 34 इंच, छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी 39. दोन्हींत फरक 5 इंचांचा. एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी. नुसतं अक्षर काहीच सांगत नाही, ते घेराच्या आकड्याबरोबरच वाचायचं. 38 बी, 36 सी आणि 34 डी यांच्या कपांत मावणारं माप जवळपास सारखंच. म्हणजे मला हवा असलेला कप माझ्या जुन्या कपापेक्षा जेमतेम एका पायरीने मोठा होता. खरा गोंधळ घेराचा होता, आणि तो थोडाथोडका नव्हे, चार इंचांचा. घेर सैल असला की पाठीमागे वर चढतो, पुढचं वजन खाली ओढतं, आणि मग बिचारे पट्टे आवळत बसायचे. भार पेलायचा तो मुख्यतः खालच्या पट्टीने, खांद्यावरच्या पट्ट्यांचं काम कप जागच्या जागी ठेवण्यापुरतं. त्यांच्याखालून दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. माझ्या खांद्यांकडे बघून तुम्ही एवढंच म्हणालात, ‘यांनी फार सोसलंय.’ तेव्हा मला रडू आलं आणि तुम्ही पाणी आणलंत.

कपांना अक्षरं लावायला सुरुवात झाली ती 1932 मध्ये, अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प नावाच्या कंपनीने, आणि तेव्हा ए पासून डी पर्यंत चारच अक्षरं होती, हे मी घरी आल्यावर वाचलं. डी वर गाडी थांबत होती म्हणूनच कदाचित त्यापुढची बाई आजही लोकांना मापाबाहेरची वाटते. मापाबाहेर कुणीच नसतं. डीडीच्या पुढची अक्षरं देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, म्हणून घालून बघितल्याशिवाय घेऊ नका, हा तुमचा सल्ला मी आता भेटेल त्या मैत्रिणीला देते आहे.

आता शोभण्याबद्दल. बाईच्या बांध्याला सफरचंद, नाशपाती अशी फळांची नावं द्यायची आणि त्या त्या फळासाठी ठरलेले नियम सांगायचे, हे मी खूप वाचलंय. तुम्ही एकाही फळाचं नाव घेतलं नाहीत. तुम्ही बघत होतात ते छाती बरगड्यांवर किती रुंद जागा घेते, भर वरच्या बाजूला आहे की खालच्या, दोन्हींमध्ये अंतर किती, खांदे उतरते आहेत का. माझा भर खाली. म्हणून साच्यातला गुळगुळीत, पूर्ण झाकणारा कप वरच्या कडेला फुगून उघडा राहायचा, आणि मी समजायचे की माझ्यातच काही कमी आहे. तुम्ही काढून दिलात तो तीन तुकडे शिवून केलेला, वरून कमी उंचीचा बाल्कनेट. तो खालून उचलतो. काखेकडची शिवलेली पट्टी भर समोर आणते, त्यामुळे हात मोकळे हलतात आणि समोरून सगळं आटोपशीर दिसतं. दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला सपाट टेकला पाहिजे, कपाखालची तार कुठेही मऊ भागावर चढता कामा नये, ती छातीच्या मुळाशी गोल बसली पाहिजे. उतरत्या खांद्यांच्या बाईने पट्टे मानेकडे जवळ असलेली ब्रा शोधावी, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर लावायची, कारण वापराने इलॅस्टिक सैलावतं आणि आतले हूक तेव्हासाठी राखून ठेवायचे असतात, हे इतक्या वर्षांत मला कुणी का सांगू नये?

घालण्याची रीतही दाखवलीत. पुढे वाकायचं, काखेकडचा भाग हाताने अलगद कपात आणायचा, मग सरळ उभं राहून पट्टे बघायचे. हे तुम्ही माझ्या अंगाला हात न लावता, स्वतःच्या कपड्यांवरून करून दाखवलंत. आणि माझी डावी बाजू उजवीपेक्षा मोठी आहे, जे मी आजवर डॉक्टर सोडून कुणाला सांगितलेलं नाही, त्यावर तुमचं एकच वाक्य: ‘थोडाफार फरक बहुतेकींना असतो, माप मोठ्या बाजूचं घ्यायचं आणि दुसरीकडे पातळ पॅड सरकवायचं.’ लगेच पुढच्या विषयावर गेलात. ना दिलासा, ना चेहऱ्यावर काही. त्या वेळी मला नेमकं तेच हवं होतं.

पॅन्टीचं फारसं सांगत बसत नाही. माप कंबरेचं नव्हे, नितंबांचं महत्त्वाचं. कडेला जाड इलॅस्टिकऐवजी सपाट लेस असली की काचत नाही आणि कपड्यावरून रेघ उमटत नाही. फिकट पँटच्या आत पांढऱ्यापेक्षा कातडीच्या रंगाजवळचा रंग लपतो. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

शेवटी तुम्ही तीन रंग माझ्यापुढे मांडलेत, बाटलीहिरवा, जांभळट आणि काळा, आणि विचारलंत, ‘तुम्हाला कोणता आवडतो?’ काय लपेल, काय खपेल, काय चालेल, हे मला सगळ्यांनी सांगितलंय. आवडतं काय, हे विचारणाऱ्या तुम्हीच. मी बाटलीहिरवा घेतला. लेसचा. मला सुंदर वाटलं, आणि हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

ज्यांचं कामच दुसऱ्याच्या अंगाशी असतं, त्यांच्याबद्दल मी त्या दिवसापासून खूप विचार करते. पट्टी बदलणारी नर्स, म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी बाई, कपडे बेतणारा शिंपी. समोरचा माणूस अर्धा उघडा आणि पुरता अवघडलेला असतो, आणि त्यांच्या हातात त्या घडीला केवढी सत्ता असते! ती न वापरता, आधी विचारून, नजर सांभाळून, आवाज खाली ठेवून काम करणारी माणसं या जगात आहेत, आणि त्यांचे सत्कार कुठे होत नाहीत. शिष्टाचाराचे फलक लावणारी दुकानं मी पुष्कळ पाहिली. ही समज फलक लावून येत नाही. ती तुमच्यात आहे, आणि तुमच्याबरोबर राहून त्या खोके आणणाऱ्या मुलीतही उतरली आहे. तिलाही माझे आभार सांगा.

आता एक विनंती. माझ्या आईचं एका बाजूचं स्तन कर्करोगामुळे काढावं लागलं. कृत्रिम स्तन ठेवण्यासाठी आतून खिसा शिवलेली ब्रा असते, हे तुमच्याकडून कळल्यापासून मी तिच्या मागे लागले आहे. ‘या वयात मला काय करायचंय,’ असं ती म्हणते. परवा मात्र तिने हळूच विचारलं, ‘त्या बाई स्वतः माप घेतात का?’ मी तिला घेऊन येणार आहे. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा कृपा करून डाव्या बाजूला उभ्या राहा. शस्त्रक्रियेच्या जागी कातडी अजून हळवी आहे, शिवण त्या बाजूला टोचणार नाही असं काही असेल तर ते काढून ठेवा. ती पांढरंच मागेल. पण तिला अबोली रंग फार आवडतो. स्वतःहून सांगणार नाही ती. तुम्हीच विचारा.

तुमची ऋणी,
बाटलीहिरव्या लेसवाली