माद्रिदच्या ताईंना, दोन पानी टिपणाबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

माद्रिदला गेल्यावर कोरिदा, म्हणजे रिंगणात माणसाने वळूला मारण्याचा स्पॅनिश कार्यक्रम, बघावी की नाही, असं कुणालाही विचारा, समोरचा मत देतो. तुम्ही टिपण दिलंत. दोनच पानं, पण मुद्द्याची: तिकीट कुठलं घ्यायचं, उठायचं कधी, नजर कधी खाली घालायची, कार्यक्रमाच्या अध्यक्षाच्या हातातल्या रुमालाचा रंग काय सांगतो. 'जरूर बघा' त्यात एकदाही नाही आणि 'जाऊच नका' हेही नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी भरवणाऱ्या घरातला माणूस त्या दाराशी उभा राहतो तेव्हा त्याची काय घालमेल होते, ते तुम्ही ओळखलंत. ती मिटवायला मात्र गेला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय ते एवढ्यासाठी की टिपणातला जो भाग पुढच्यांच्या कामी येईल तो इथेच उतरवता येईल.

तुमची पहिली सूचना शब्दांबद्दल होती: याला 'बैलांची झुंज' म्हणू नका. झुंज दोघा बरोबरीच्यांची. गोव्यातल्या धिरयोत दोन जनावरं एकमेकांना भिडतात, ती झुंज. इथे शेवट आधीच ठरलेला असतो, म्हणून स्पॅनिश वर्तमानपत्रंही त्याची बातमी खेळाच्या नव्हे, संस्कृतीच्या पानावर छापतात. शिवाय मरतो तो बैल नसतोच, वळू असतो: वयाने चार पूर्ण, सहाच्या आत, आणि माद्रिदच्या लास बेन्ताससारख्या पहिल्या दर्जाच्या रिंगणात किमान 460 किलोचा. बैलांचं तिथलं काम निराळंच. वळू लंगडत आला किंवा सारखा कोसळायला लागला, की प्रेक्षक ओरडतात, अध्यक्ष हिरवा रुमाल टाकतो आणि गळ्यात घंटा बांधलेले खच्ची बैल आत येऊन त्याला मधे घेऊन परत नेतात. मराठी माणसाचा जीव इथे भांड्यात पडतो. पण तुम्ही कंसात लिहून ठेवलं होतंत: 'परत गेला म्हणजे वाचला नव्हे, त्याला मागच्या आवारात मारतात.' हा कंस नसता तर आपण किती भाबडेपणाने टाळ्या वाजवल्या असत्या!

आता तिकिटाचं. मेट्रोच्या 2 आणि 5 नंबरच्या लाइनवर 'व्हेन्तास' अशी पाटी दिसते, उच्चार 'बेन्तास'. 1931 सालचं लाल विटांचं हे रिंगण साधारण 23,000 माणसांचं. जागा सोल, सोम्ब्रा आणि सोल-इ-सोम्ब्रा अशा विकतात, म्हणजे ऊन, सावली आणि आधी ऊन मग सावली. सावली महाग. मातादोर, म्हणजे वळूला शेवटी मारणारी मुख्य माणसं, शक्यतो सावलीच्या बाजूलाच काम करतात, हेही त्यामागचं एक कारण. सगळ्यांत पुढची रांग बार्रेरा, मग दगडी पायऱ्यांचे तेन्दिदो, वर छताखाली ग्रादा आणि त्याहून वर आन्दानादा. बहुतेक पर्यटक हौसेने पुढची जागा घेतात आणि तिथेच फसतात. बार्रेरातून श्वास ऐकू येतो, रक्ताचा वास येतो, आणि उठून जाणं जवळजवळ अशक्य. ज्याच्या मनात किंतु आहे त्याने वरची, रांगेच्या टोकाची, जिन्याजवळची जागा घ्यावी ही तुमची सूचना सोन्यासारखी. आम्ही तिला एकच पुरवणी जोडतो: आन्दानादातून चेहरे दिसत नाहीत, पण कोण कुणाच्या मार्गात कुठून शिरतं ते जमिनीवर आखल्यासारखं कळतं.

'वेळ पाळा' या शब्दांखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या होत्या. कार्यक्रम मिनिटाच्या ठोक्याला सुरू होतो. वळू रिंगणात असताना कुणाला जागेवर जाऊ देत नाहीत, बाहेरही सोडत नाहीत. तीन मातादोर, सहा वळू, प्रत्येकाला साधारण 20 मिनिटं. ज्येष्ठतेने सगळ्यांत जुना मातादोर पहिला आणि चौथा वळू घेतो, मधला दुसरा आणि पाचवा, नवा तिसरा आणि सहावा. खेचरं मेलेला वळू ओढून नेतात तेव्हा दोन-तीन मिनिटं मिळतात. उठायचं ते तेव्हाच. सहाही बघायला हवेत असा काही नियम नाही.

स्वस्त तिकीट दिसलं की आधी त्यावरचा शब्द वाचा, हेही तुम्हीच सांगितलंत. सान इसिद्रोची जत्रा 1947 पासून मे महिन्यात भरते, तेव्हा नावाजलेले मातादोर असतात. पण मार्च ते ऑक्टोबरच्या मोसमातल्या साध्या रविवारी कित्येकदा 'नोवियादा' असते: शिकाऊ माणसं, तीन वर्षांचे वळू. भाबडेपणाने वाटतं की लहान जनावर म्हणजे यातना कमी. उलटंच असतं. हात कच्चा, म्हणून शेवट लांबतो.

प्रत्येक वळूचं काम तीन भागांत चालतं. पहिल्या भागात लाल-गुलाबी आणि पिवळा कापोते, म्हणजे मोठं कापड, फिरवून वळू कुठल्या शिंगाने ढुशी मारतो ते पाहतात. (रंगाचा इथे संबंध नाही. वळूला लाल रंग ओळखता येत नाही, तो हालचालीवर धावतो.) मग बिगुल, आणि घोड्यावरचे दोन पिकादोर, म्हणजे भालेवाले. वाळूवर दोन वर्तुळं आखलेली असतात, कठड्यापासून 7 आणि 10 मीटरवर: आतल्या रेषेपलीकडे वळूला आणायचं नाही, बाहेरची रेषा पिकादोरने ओलांडायची नाही. म्हणजे धावून यायचं ते वळूने, तेही आपणहून; त्याचं धाडस इथे मोजलं जातं. भाला मानेमागच्या उंचवट्यात टेकवायचा. टोक तिकोनी पोलादाचं, 29 मिलिमीटरचं, मागे अडणी असते. मानेचे स्नायू सैल झाले की डोकं खाली येतं आणि पुढे तलवारीला वाट मिळते, हा हिशेब.

बिघडतं तेही इथेच. भाला मागे पाठीवर लागला तर पाठीचं नुकसान होतं. बाजूला घसरला तर खांद्याचं. पिकादोर भाला घुसळतो, किंवा घोडा वळवून वळूची सुटायची वाट बंद करतो. लोक शिट्ट्या मारतात त्या याला. पहिल्या दर्जाच्या रिंगणात किमान दोन वेळा भाला लागावाच लागतो. तुम्ही टिपणात लिहिलंत की सगळ्यांत कठीण क्षण तलवारीचा. ताई, आमचं इथे तुमच्याशी जमत नाही. तलवारीत निदान माणूस स्वतः शिंगांवर ओणवतो. भाल्याच्या वेळी तो लोखंडी रिकिबीत, 500 ते 650 किलोच्या घोड्यावर बसलेला असतो, घोड्याच्या डोळ्यांवर पट्टी. घोड्याला जाड गादीचं चिलखत 1928 पासून सक्तीचं झालं. त्याआधी रिंगणात घोडेच जास्त मरत, हे वाचल्यावर 'परंपरा जशीच्या तशी' हा युक्तिवाद जरा ढिला पडतो.

बांदेरिया म्हणजे रंगीत कागद गुंडाळलेल्या, टोकाला आकडा असलेल्या 70 सेंटिमीटरच्या काठ्या, तीन जोड्या, वळूच्या खांद्यांवर रोवायच्या. हा भाग लवकर उरकतो आणि डोळ्यांना सगळ्यांत सोपा जातो.

मग मुलेता, लहान लाल कापड. तुमच्या टिपणातली सगळ्यांत मोलाची ओळ याच भागातली. मातादोरच्या हातात या वेळी खरी तलवार नसते, हलकी नकली असते. तो कठड्याकडे जाऊन ती बदलून पोलादी तलवार घेतो. ज्याला शेवट बघायचा नाही त्याला एवढी खूण पुरे. नजर वळवायला निवांत वेळ मिळतो. बघायचाच असेल तर वळूचे पुढचे पाय पाहा. दोन्ही एका रेषेत आले की खांद्याची हाडं फाकतात आणि मधे तळहाताएवढी फट उघडते. डाव्या हाताने कापड खाली ओढून डोकं वाकवायचं आणि उजव्या शिंगावरून तलवार घालायची. पाय मागेपुढे असताना घाई केली, तर तलवार हाडावर आपटून उसळते. खाली गेली तर फुप्फुसात शिरते आणि तोंडातून रक्त येतं. याला तिथले जाणकार सरळ लबाडी समजतात. तलवार लागूनही वळू उभाच राहिला तर टोकापासून 10 सेंटिमीटरवर आडवी अडणी असलेली दुसरी तलवार घेऊन मानेमागे मज्जारज्जू तोडायचा. एका फटक्यात झालं तर झालं, नाहीतर पाच, सहा, सात. घड्याळ चालूच असतं: मुलेताचं काम सुरू झाल्यापासून 10 मिनिटांनी पहिला बिगुल, आणखी 3 मिनिटांनी दुसरा, पुढच्या 2 मिनिटांनी तिसरा. तिसऱ्यापर्यंत वळू पडला नाही तर मातादोरची बेअब्रू, आणि घंटावाले बैल पुन्हा आत. चांगली म्हणावी अशी संध्याकाळही सहापैकी एखाद-दोन वळूंपुरतीच चांगली असते. जाणाऱ्याने ही अपेक्षा ठेवूनच जावं.

रुमालांचं कोष्टक पाठ असावं. अध्यक्षाचा पांढरा म्हणजे पुढचा भाग सुरू, किंवा मातादोरला वळूचा कान बक्षीस. निळा म्हणजे मेलेल्या वळूला मानाची फेरी. लाल म्हणजे भाल्याला न भिडलेल्या वळूला काळ्या, जास्त जाचक बांदेरिया. नारिंगी म्हणजे जीवदान. लास बेन्तासमध्ये तो 1982 साली बेलादोर नावाच्या वळूला मिळाला होता. प्रेक्षकांच्या हातातला पांढरा रुमाल मात्र मत असतो. बहुसंख्यांनी हलवला तर पहिला कान द्यावाच लागतो. दुसरा द्यायचा की नाही ते अध्यक्ष ठरवतो. दोन कान मिळाले की मातादोर खांद्यांवरून मोठ्या दरवाजाने बाहेर पडतो. तेव्हा गंमत म्हणून रुमाल हलवू नका, ही तुमची ताकीद रास्तच. हलवायचा नसेल तर काय करायचं? गप्प बसायचं. तिथल्या वृत्तांतात टाळ्या, शिट्ट्या यांच्या जोडीला 'सिलेन्सियो', म्हणजे शांतता, हाही रीतसर निकाल छापतात. सात नंबरच्या तेन्दिदोतले चिकित्सक तर आरडाओरड्यासाठीच प्रसिद्ध आहेत. लंगडा वळू, बाजूला पडलेला भाला, खोटा पवित्रा, त्यांना काही चुकत नाही. जनावराची बाजू घेणारे सगळे दाराबाहेर फलक घेऊन उभे असतात हा समज तिथे बसल्यावर थोडा बदलतो. पूर्ण नाही, थोडा.

तिकिटाचे पैसे हेही मतच, असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत आणि त्यावर प्रवचन झोडलं नाहीत. कातालोनियाने 2010 साली बंदीचा कायदा केला, 2016 साली स्पेनच्या घटना न्यायालयाने तो रद्द ठरवला. 2013 च्या कायद्याने हा सांस्कृतिक वारसा ठरला, आणि 2024 साली त्याच देशाच्या संस्कृती मंत्रालयाने त्यासाठीचं राष्ट्रीय पारितोषिक बंद केलं. भांडण त्यांचं त्यांच्यातच चालू आहे. बैलगाडा शर्यतीवरची 2014 ची बंदी आणि 2023 चा घटनापीठाचा निकाल या दोन्ही वेळी आपल्याकडे घराघरांत काय चाललं होतं ते आठवलं, तर त्यांना शिकवायला जावंसं वाटत नाही. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याच्यासाठी तुम्ही दिवसाच्या फेरीचा पर्याय दिलात: रिंगण, वाळू, संग्रहालय, सगळं रिकामं. त्या दिवशी बाहेरचा डॉ. फ्लेमिंग यांचा पुतळा जरूर बघावा. पेनिसिलीनमुळे शिंगाच्या जखमा चिघळून मरणारे वाचू लागले, म्हणून 1964 साली तोरेरोंनी, म्हणजे रिंगणात वळूसमोर उतरणाऱ्यांनी, तो उभारला. समोर ब्राँझचा तोरेरो हातात टोपी धरून उभा आहे.

तुमच्या टिपणासमोर आमचंही तसंच काहीसं झालंय.

कळावे, लोभ असावा.
तुमचे,
टिपण खिशात ठेवून गेलेले काहीजण

ता. क. – दगडी पायरीवर अडीच तास बसायचं तर दाराशी भाड्याने मिळणारी गादी घ्याच. कार्यक्रम कितीही चिडवणारा झाला तरी ती रिंगणात भिरकावू नये. नियमाने मनाई आहे, बाहेर काढतात, आणि खाली कुणाचं लक्ष वळूकडे असताना पायाखाली गादी आली तर काय होईल ते सांगायला नको.