दोन फुटी कपाटाचा हट्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या घरातल्या कपाटांवर लेख वाचला. कपडे गुंडाळून ठेवा, डबे आणा, डब्यांवर चिठ्ठ्या लावा, वर्षभर न घातलेलं देऊन टाका. वाईट काहीच नाही त्यात. पण मी खारेगावात राहणारा सुतार आहे. उमेदीची सगळी वर्षं ठाणे, ऐरोली, घणसोली भागात कपाटं बनवण्यात गेली. माझ्या पाहण्यात तरी जागा पुरत नाही त्याला कपडे कमी आणि कपाटाची खोली जास्त जबाबदार असते. ही खोली कुणी मोजून ठरवलेलीच नसते.

जिकडे जाल तिकडे २ फूट खोल कपाट. का, तर प्लायचा शीट येतो ८ बाय ४. मधोमध फाडला की दोन फुटांचे दोन पट्टे, तुकडा वाया नाही. सुताराची सोय होते आणि गिऱ्हाइकालाही भरपूर मोठं कपाट मिळाल्यासारखं वाटतं. टांगलेल्या कपड्यांना एवढी खोली लागते, हे कबूल. हँगरच १७-१८ इंचांचा, त्यात बाह्या दाराला घासू नयेत म्हणून थोडी मोकळीक, म्हणजे २२-२३ इंच हवेतच. पण घडी घातलेल्या शर्टाला १४-१५ इंच खूप झाले. मग दोन फुटांच्या फळीवर मागे नऊ-दहा इंच मोकळे राहतात आणि मोकळी जागा आपल्याला बघवत नाही. तिथे दुसरी रांग लागते. ही मागची रांग म्हणजे विहीर, त्यात पडलं ते गेलं.

ऐरोलीत एका ताईंकडे जुनं कपाट काढायला गेलो होतो. १० बाय ९ ची बेडरूम, भिंतभर कपाट, आणि तरी पलंगावर कपड्यांचा ढीग. "दादा, याहून मोठं करून द्या," म्हणाल्या. रिकामं करायला घेतलं तर मागून मुलाचे बालवाडीतले स्वेटर निघाले. मुलगा तेव्हा दहावीला. मग पाहुण्यांसाठीच्या चादरी निघाल्या, तीन जोड, तिन्हींना अजून दुकानाची पिशवी. पहिला जोड सापडेना म्हणून दुसरा आणला, दुसरा सापडेना म्हणून तिसरा. ताईंना हसू आवरेना, सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

त्यांना मोठं कपाट न करता १६ इंची खण करून दिले. शीटची ४ फुटी रुंदी तिघांत वाटली की १६ इंच येतात, करवतीत जाईल ते सूत-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सोडून. इथेही तुकडा वाया जात नाही, हे आमच्या धंद्यातल्या मंडळींनीही बघावं. दोन फूट खोली ठेवली ती फक्त कोपऱ्यात, हँगरपुरती. बाकी भिंतीवर वाट आठ इंचांनी रुंद झाली. आता कपाटाचं दार उघडताना पलंगावर चढावं लागत नाही.

आपल्या आई-वडिलांचं लोखंडी कपाट आठवा. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि खोल जेमतेम १९ इंच. त्यात लॉकर, चोरकप्पा आणि अख्ख्या घराचे कपडे मावायचे.

खोलीनंतर खणांची उंची. बहुतेक कपाटांत फळ्या सारख्या अंतरावर मारलेल्या असतात, पंधरा-पंधरा इंचांवर. आठ-दहा शर्टांपेक्षा उंच थप्पी टिकत नाही. खालचा ओढला की वरचे सगळे अंगावर येतात. कपड्यांचा खण १० इंचांचा पुरे. रजई-गोधडीला १८ इंचांचा एकच खण, तोही अगदी वर. हँगरच्या भागाचंही तेच. शर्टाला रॉडखाली ४० इंच लागतात. सात फूट उंचीत एकच रॉड मारला तर खालची निम्मी उंची फुकट जाते, म्हणून एकाखाली एक दोन रॉड मारायचे. लांब कुर्ते, गाऊन यांना साडेचार फूट उंचीचा अरुंद कप्पा वेगळा. भरजरी साड्या टांगू नयेतच, जरीच्या वजनाने कापड ताणतं. त्या मलमलीत गुंडाळून आडव्या ठेवाव्यात आणि अधूनमधून घडी बदलावी.

ड्रॉवरचं वेड मला कळत नाही. प्रत्येक ड्रॉवरला दोन्ही बाजूंना चॅनलसाठी, म्हणजे सरकपट्टीसाठी, अर्धा-अर्धा इंच जातो, शिवाय फळ्यांची जाडी. चार ड्रॉवरची मजुरी मला मिळते, जागा तुमची जाते. रुमाल-मोज्यांना एक पुरे. सरकत्या दारांचंही तसंच. रुळांत तीनेक इंच जातात आणि एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. दार उघडायला जागाच नसेल तरच ती लावावीत. आणि बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, मागे इंचभर फट सोडा. नाहीतर जुलैत आपल्याकडे पाठीच्या प्लायला बुरशी धरते आणि दिवाळीपर्यंत कपड्यांचा कुबट वास जात नाही.

पत्र लिहायला बसलो ते मात्र दुसऱ्याच कारणाने. घोडबंदर रोडवरच्या एका प्रकल्पात नमुना फ्लॅटचं फर्निचर करायचं काम मला मिळालं होतं. पलंग साडेपाच फुटांचा करायला सांगितला, कपाट १४ इंच खोल. दारांना हँडल लावायची होती, पण दारं उघडायची नव्हती, पक्की ठोकून टाकायची होती. बघायला येणाऱ्याला खोली ऐसपैस वाटावी, एवढाच हेतू. पुढे त्याच इमारतीत घर घेतलेल्या जोडप्याने मला बोलावलं, तसंच कपाट हवं म्हणाले. नवरा पावणेसहा फूट उंच. पुरा पलंग टाकल्यावर हँगरचं कपाट बसवायला भिंत उरेना.

बिल्डरांच्या घरविक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, सांगणं बंधनकारक झालं, चांगलं झालं. पण त्या आकड्यात घरातल्या भिंतींची जाडीही धरलेली असते. आणि कपाटाला सलग भिंत किती मिळणार, हे त्यातून मुळीच कळत नाही. एका भिंतीला दार, दुसरीला खिडकी, तिसरीला एसीचा पॉइंट आणि स्विचबोर्ड, चौथीला संडास-बाथरूमचं दार. पंतप्रधान आवास योजनेच्या २०१५ च्या पहिल्या टप्प्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं घर ३० चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे साधारण ३२३ चौरस फुटांचं होतं. तळोजा, खारघर, द्रोणागिरीकडे सिडकोच्या सोडतीत अशी घरं अनेकांना लागली आहेत. तिथे ६ फूट रुंद कपाट २ फूट खोल केलं तर १२ चौरस फूट जातात, १६ इंची केलं तर ८. चार चौरस फुटांचा आजचा भाव ज्याचा त्याने काढावा.

रेरा कायदा राबवणाऱ्या आपल्या राज्याच्या महारेराकडे माझी मागणी साधी आहे. करारासोबतच्या नकाशात प्रत्येक खोलीतली सर्वांत लांब सलग भिंत फूट-इंचांत लिहिलेली असावी आणि स्विचबोर्ड कुठे येणार, तेही दाखवलेलं असावं. नमुना फ्लॅटमधल्या पलंगाची, कपाटाची मापं तिथेच मोठ्या अक्षरांत लावणं सक्तीचं करावं. तोवर घर बघायला जाणाऱ्यांनी खिशात मेजरिंग टेप ठेवावी आणि विक्रेता चहा विचारायला आला की तेवढ्यात कपाटाचं दार उघडतं का, ते ओढून बघावं.

आपला,
एक सुतार, खारेगाव, कळवा (ठाणे)