मामा, राणीनं आज दोन बादल्या पाणी प्यायलं

मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे गं" म्हणून उठून जाता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

जानेवारीतली ती रात्र. शुक्रवार पेठेत पंचगंगेकडनं बोचरं वारं येत होतं. माझी घोडी राणी चंदीला, म्हणजे तिच्या दाण्याला, तोंड लावेना. पुढच्या पायानं जमीन उकरायची, वळून वळून कुशीकडं बघायची, मध्येच खाली बसायची. डॉक्टर गगनबावड्याच्या बाजूला अडकलेले. साडेअकराला तुमच्या दाराची कडी वाजवली, तर तुम्ही काही न विचारता खांद्यावर घोंगडं टाकून निघालात.

तिच्या दोन्ही कुशींना कान लावलात. "आतडी गप्प हाईत," एवढंच बोललात. पुढ्यातली चंदी उचललीत आणि तिला लोळू न देता अंगणात हळूहळू फिरवत राहिलात. डॉक्टर दीडला आले. नाडी मिनिटाला साठच्या वर. एरवी ती 28 ते 44 असते. घोड्याला ओकता येत नाही, पोटात अडलेलं पुढंच सरकावं लागतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध सोडलं. ते गेल्यावरही तुम्ही हलला नाहीत. पहाटे पाचला लीद पडली, तेव्हा कुठं चहाचा कप हातात घेतलात.

मामा, चूक माझी होती. थंडी वाढली म्हणून मी चंदी वाढवली आणि तबेला ताडपत्रीनं गच्च बंद केला. हौदातलं पाणी मात्र गारढोण. घोड्याला दिवसाला 25-30 लिटर पाणी लागतं आणि ही चार घोट घेऊन मान फिरवायची. माझ्या ध्यानातच आलं नाही.

तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन एकेक गोष्ट हातानं करून दाखवलीत. कडबा आतड्यात आंबतो तशी अंगात ऊब धरते, म्हणून रात्री चंदी नको, वैरण जास्त. पाणी कोमट. झूल ओल्या अंगावर कधीच नाही. थंडीत केस उभे राहून हवा धरतात, ते भिजले की ऊब गेली. झुलीखाली हात घालून घाम आहे का बघायचं. मग ताडपत्री वरून हातभर सोडवलीत. आत मुताचा वास इतका कोंडला होता की माझे डोळे झोंबले. रात्रभर ती तेच छातीत ओढत होती, हे आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

बाबा गेल्यावर सगळे म्हणाले, घोडी विकून टाक. तुम्ही एकटे म्हणालात, "शिकशील." मामा, त्या एका शब्दावर मी राणीला ठेवलंय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्या रात्रीचं तुमचं घोंगडं अजून माझ्याकडंच आहे. तिच्या पाठीवर टाकलं होतंत ना. उन्हात वाळवून ठेवलंय. रविवारी घेऊन येते, राणीलाही सोबत आणते.

तुमची लेक