फिजिओ मॅडम, आधी माझा दिवस विचारलात म्हणून

आदरणीय फिजिओ मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लेक आता साडेतीन महिन्यांची झाली. बारशाला तुम्ही येऊन गेलात, पण पाहुण्यांच्या गडबडीत मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण गरोदरपणातल्या व्यायामाबद्दल मी जशी गोंधळले होते तशा कितीतरी जणी आज गोंधळलेल्या असतील.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तपासून "हलका व्यायाम सुरू करा" असं सांगितलं. हलका म्हणजे कुठला, हे घरात प्रत्येकजण वेगळं सांगायचा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, म्हणायच्या, "उकिडवं बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जातं." नवरा जिनासुद्धा चढू देईना. नणंद तिच्या गरोदरपणात पोहायला जायची, त्यामुळं तिला पोहण्याशिवाय दुसरं काही पटेना. शेवटी मी एका योगवर्गात नाव घातलं. पाचव्या महिन्यात तिथं उताणं झोपवून बराच वेळ शवासन घेतलं आणि मला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. "मन शांत ठेवा," एवढंच सांगितलं गेलं. घरी येऊन मी सगळंच बंद केलं. बाळाला काही झालं असेल का, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

डॉक्टरांनी तपासून बाळ ठीक असल्याचं सांगितलं आणि तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही आधी त्यांची फाइल नीट वाचलीत. वार (प्लासेंटा) खाली आहे का, रक्तदाब किती, हिमोग्लोबिन किती, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय का. यातलं काही असतं तर पुढचं बोलणंच वेगळं झालं असतं, हेही सांगितलंत. मग अंधारी का आली ते समजावलंत: वाढलेल्या गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. शवासन करायचंच तर कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. माझ्यात काही खोट नव्हती, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि मग तुम्ही विचारलंत, "तुमचा दिवस कसा जातो ते आधी सांगा."

मी पतसंस्थेत काउंटरवर असते. दहा ते साडेपाच खुर्ची, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पोहता येत नाही. तुम्ही पोहण्याला वाईट म्हणाला नाहीत. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, पायांची सूज उतरते, हे सांगितलंत. पण ज्या गोष्टीची धास्ती वाटते ती रोज होणार नाही, म्हणून ती बाजूला ठेवलीत. फरशी पुसणं जमतंय तोवर घरकाम म्हणून करा, पण त्यानं बाळंतपण सोपं होतं या भरवशावर कंबर मोडून घेऊ नका, हेही आत्यांच्या समोर, त्यांचा मान ठेवून सांगितलंत.

राहिलं चालणं. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे ऐकून मी दडपलेच. तुम्ही कागदाच्या चिठोऱ्यावर भागाकार केलात. रोज वीस-बावीस मिनिटं, आणि त्याचेही दोन तुकडे. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, असा वेग. सकाळी रंकाळा तलावावर मी आणि नवरा चालायचो, तेव्हा तो मुद्दाम काहीतरी विचारत राहायचा आणि मी अडखळले की पाय आवरता घ्यायचा. माझी कोल्हापुरी चप्पल तुम्ही कपाटात ठेवायला लावलीत आणि टाच धरणारे बूट घ्यायला लावलेत.

सहाव्या महिन्यात साखरेची चाचणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५२ आली. १४० च्या आत हवी होती. मी रडले. डॉक्टरांनी आहार ठरवून दिला आणि तुम्ही चालण्याची वेळ बदललीत: दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. जुलैत कोल्हापूरचा पाऊस सुरू झाल्यावर रंकाळा सुटला. मग रात्री जेवून इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. आत्या छत्री घेऊन सोबत यायच्या. त्या फेऱ्यांमध्ये त्यांनी मला त्यांच्या तिन्ही बाळंतपणांच्या गोष्टी सांगितल्या, ज्या एरवी कधीच कळल्या नसत्या.

आठव्या महिन्यात जांघेत आणि माकडहाडापाशी कळा मारायला लागल्या, तेव्हा तुम्ही शिकवलेलं मी आजही आठवते. सलवार बसून घालायची, एका पायावर उभं राहायचं नाही. पलंगावरून उठताना दोन्ही गुडघे जुळवून कुशीवर वळायचं, मग हाताच्या रेट्यानं उठायचं. पावलं लहान टाकायची. लघवी अडवताना जे स्नायू आवळतात ते ओळखायचे आणि एरवी बसल्या जागी आवळून सोडायचे, लघवीच्या वेळी मात्र नाही. काउंटरवर पासबुकं भरता भरता मी ते करायचे.

फ्रिजवर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे: रक्त दिसलं, पाणी गेलं, छातीत दुखलं, चक्कर आली, पोट ठरावीक वेळानं कडक व्हायला लागलं, एकाच पोटरीत दुखून सूज आली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर व्यायाम थांबवून थेट दवाखाना.

बाळ पायाळू होतं, म्हणून सिझेरियन झालं. भेटायला आलेल्यांपैकी दोघी-तिघी म्हणाल्या, "एवढं चालून काय उपयोग झाला?" फार लागलं ते. पण पहिल्याच भेटीत तुम्ही म्हणाला होतात, "ही नॉर्मल डिलिव्हरीची हमी नाही. हे तुमचे नऊ महिने नीट जावेत म्हणून आहे." ते वाक्य नसतं तर मी स्वतःलाच दोष देत बसले असते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सनं उठायला सांगितलं, तेव्हा मी गुडघे जुळवले, कुशीवर वळले आणि हाताच्या रेट्यानं उठून बसले. "कुणी शिकवलं हो?" असं तिनं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.

शनिवारी टाक्याची जागा आणि पोटाचे स्नायू दाखवायला येतेय. आत्याही येणार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाहीये.

तुमची कायमची ऋणी,
तिसऱ्या मजल्यावरची पेशंट