सफाई घराची, अडगळ जिन्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की आगीची चर्चा फटाक्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच घालून दिली, ती पाळावी याबद्दल दुमत नाही. पण ठाण्यात इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाने या आठवड्यात एकदा लिफ्ट सोडून जिन्याने खाली उतरावं, एवढीच माझी विनंती आहे. नौपाड्यातली चार मजल्यांची जुनी सोसायटी असो की घोडबंदर रोडचा टॉवर, चित्र सारखंच दिसेल.

दसऱ्यापासून घरोघरी साफसफाई निघते. माळ्यावरचं सामान खाली येतं, नको ते बाहेर काढलं जातं, आणि ‘बाहेर’ म्हणजे जिन्याचा चौक. भंगारवाला पितळ, लोखंड, रद्दी आनंदाने नेतो. फोमची गादी, फुगलेलं प्लायवूड, फाटका सोफा, थर्माकोल यांना तो हात लावत नाही आणि घंटागाडीवालेही टाळतात. म्हणजे सगळ्यात वाईट जळणाऱ्या वस्तू नेमक्या उरतात. फोम जळला की निघणारा काळा धूर विषारी असतो. आगीत माणसं भाजून मरण्याआधी बहुधा धुरानेच गुदमरतात. वीजमीटरचं पॅनल आणि केबलचा डक्टही बहुतेक ठिकाणी याच जिन्यालगत असतो. घराघरात रोषणाई, वर गीझर, इंडक्शन, एसी असा वर्षातला मोठा भार ज्या आठवड्यात त्या तारांवर येतो, त्याच आठवड्यात आपण तिथे गाद्या रचून ठेवतो.

२०२५च्या दिवाळीत वाशीच्या सेक्टर १४मध्ये मध्यरात्री एका इमारतीच्या दहाव्या मजल्यावर आग लागली. ती बाराव्या मजल्यापर्यंत गेली आणि चार जणांचा जीव गेला, त्यात एक लहान मुलगी होती. आग खाली लागली तरी वरचे सुटत नाहीत. टॉवरमध्ये म्हणूनच जिन्याला आपोआप मिटणारे फायर डोअर असतात. ते सतत ढकलायचा कंटाळा येतो म्हणून खाली वीट किंवा कुंडी लावून उघडे ठेवलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहेत. मग जिना हा जिना राहत नाही, धुराडं होतं. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे, हे तर ठरलेलंच.

खिडक्यांचं वेगळंच. बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलला उघडणारी झडप नसते, असली तर तिची किल्ली कुठे आहे हे घरात एकालाच माहीत असतं. कबुतरांसाठी गॅलरीला लावलेली नायलॉनची जाळी एका भरकटलेल्या रॉकेटने पेटते आणि वितळून खालच्या कपड्यांवर, पुठ्ठ्यांवर ठिबकते. आकाशकंदिलाची वायर सरकत्या खिडकीच्या फटीत दाबून आत घेतली की रोज खिडकी सरकवताना तिचं आवरण कापलं जातं. हे दहा मिनिटांत तपासता येतं, पण कंदिलाची झालर सरळ आहे का हे पाहण्यातच आपला वेळ जातो. एक्स्टेंशन बोर्डचंही तेच. सहा अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १३०० वॉटच चालतात. त्याच बोर्डावर माळांसोबत इस्त्री आणि किटली लावली तर वायर तापणारच.

फराळाच्या कढईबद्दल एकच. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका, भडका छतापर्यंत जातो. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण सरकवा आणि कढई हलवू नका. चकल्यांचा घाणा चालू असताना दारावर कुरियरवाला आला तर त्याला थांबू द्या.

आता सोसायट्यांच्या कमिट्यांकडे वळतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६चा आहे. त्यानुसार ज्या इमारतींत अग्निशमन यंत्रणा बसवलेली आहे, त्यांना ती चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यावं लागतं. सभासदांनी सेक्रेटरींकडे यंदाच्या जुलैचा कागद मागावा. कागद मिळाला तरी खाली जाऊन फायर पंप ‘ऑटो’वर आहे का ते बघावं. मोटर उगाच सुरू होते म्हणून तो ‘मॅन्युअल’वर किंवा बंदच ठेवलेला सापडतो. होज रीलच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळीच्या, लाल कपाटात झाडू आणि फिनेलचा कॅन असेल, तर प्रमाणपत्राची किंमत तुम्हीच ठरवा.

जिन्यातली अडगळ काढायला सांगितलं की ‘दिवाळी झाली की काढतो’ हे उत्तर मिळतं. शेजाऱ्यांशी वाकडं नको म्हणून कमिटीही गप्प बसते. त्यामुळे ठाणे महापालिकेला एक सूचना करावीशी वाटते. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक प्रभागात गाद्या, सोफे, प्लायवूड असं मोठं सामान उचलणारी गाडी ठरलेल्या दिवशी फिरवावी आणि तिचं वेळापत्रक सोसायट्यांना आधी कळवावं. थोडं शुल्क घेतलं तरी लोक देतील. गाडी येऊन गेल्यावरही जिन्यात सामान दिसलं, तर अग्निशमन दलाने सोसायटीला सरळ नोटीस द्यावी.

आपला,
एक वाचक,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)