तुमच्या पोत्यातली चिठ्ठी

नागोया, जपान
रविवार, संध्याकाळ

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी फोन करणार होते आणि केला नाही. "कामात असशील" म्हणून तुम्ही विषय सोडून दिलात. आई मात्र गप्प होती, ते अजून टोचतंय. फोनचं मी लिहून ठेवलं होतं, पण वहीत. मोबाइलमध्ये वेगळी यादी, ऑफिसची आणखी वेगळी. वही त्या दिवशी बॅगेतून बाहेरच निघाली नाही.

म्हणून गेले तीन आठवडे कामं लावून घ्यायची एक पद्धत बसवतेय. तुम्हाला सविस्तर लिहिते, कारण ती आपल्या दुकानात लहानपणीच पाहिली होती.

इथे टोयोटाचं संग्रहालय आहे, त्यांच्या जुन्या मागांच्या कारखान्याच्या जागेवर. आधी माग, गाड्या नंतरच्या. या उद्योगाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा, त्यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग तिथे पाहिला. ताण्याचा एक धागा तुटला की तो आपोआप थांबतो, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जात नाही. पुढे गाड्यांच्या कारखान्यात टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांनी 'कानबान' आणलं. कानबान म्हणजे पाटी. अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून त्यांना ते सुचलं: गिऱ्हाईक लागेल तेवढंच उचलतं, आणि जेवढं गेलं तेवढंच मागून भरायचं. वापरलेल्या मालाची चिठ्ठी मागच्या विभागाकडे जाते. चिठ्ठी आली नाही तर नवा भाग बनवायचा नाही.

हे वाचताना मला आपलं पोह्यांचं पोतं दिसलं. तळापासून वीतभर वर तुम्ही पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवायचात. मापाला पुठ्ठा लागला की त्याच दिवशी मालाच्या यादीत पोहे. डोक्यात काही ठेवावं लागायचं नाही.

आता माझ्या कपाटाच्या दारावर तीन रकाने आहेत: 'करायचंय', 'हातात' आणि 'झालं'. एका चिठ्ठीवर एकच काम. 'हातात'मध्ये तीनच चिठ्ठ्या. चौथी घ्यायची तर आधीची एक संपवायची. सगळा जीव या नियमात आहे. पहिल्याच दिवशी एकसष्ट चिठ्ठ्या झाल्या, आणि मी रोज एकसष्टच्या एकसष्ट कामांची काळजी वाहत होते हे तेव्हा कळलं.

चिठ्ठी लिहायची कशी, हे शिकायला वेळ लागला. 'व्हिसा' लिहिलेली चिठ्ठी नऊ दिवस जागची हलली नाही. ती फाडून 'व्हिसाच्या अर्जासाठी फोटो काढणे' असं लिहिलं आणि त्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या मशिनमध्ये फोटो काढून आले. हात नेमका कुठे घालायचा ते चिठ्ठीतच हवं.

मोबाइलवरची ॲपही वापरून पाहिली. चांगली आहेत, पण स्क्रीन बंद झाली की काम नजरेआड जातं. कपाट तर रोज उघडावंच लागतं.

तुम्ही सुट्टीच्या दिवशी माल मोजायचात, तशी मी रविवारी सकाळी चहा घेऊन दारासमोर बसते. चिठ्ठ्या पुढे सरकवते आणि काही काढूनही टाकते. जपानीची पुढची परीक्षा या वर्षी देणार नाही, हे असंच ठरलं. ती चिठ्ठी काढताना वाईट वाटलं, पण त्या रात्री झोप छान लागली.

तुमच्या फोनची चिठ्ठी पिवळी आहे. ती त्या तिनांत मोजायची नाही, आणि ती 'झालं'मध्येही जात नाही. दर रविवारी, तुमचे सकाळचे साडेसात, माझे अकरा. आज केला तसाच.

एक राहिलं. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या वेळा आईने कॅलेंडरवर लिहिल्या आहेत ना? त्या पानाचा फोटो पाठवा. दर आठवड्याला थेंब कमी होत जातात, त्यात गोंधळ नको. मी इथे तारखांप्रमाणे चिठ्ठ्या करून ठेवते.

तुमची,
मनू